ओळखीचा हात

"सोडा तिचा हात. अवो, सोडा म्हन्ते ना, रगत येऊन राह्यलं."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडत होत्या. त्या ओरडल्या की देऊळगाव राजातल्या बालाजीच्या शिखरावरची कबुतरं उडायची ती थेट जालन्याला जाऊन बसायची आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायची. मी चुलीपुढून पिठाच्या हातानं ओसरीवर धावले. ओसरी हेच आमचं बांगड्यांचं दुकान. तिथं मामाजी, माझे सासरे, मांडी घालून बसलेले, आणि समोर भाजीची पाटी उतरवून ठेवलेली एक माळीण. तिच्या मनगटावर रक्त. आपली नस तुटली असं समजून ती डोळे मिटून गळा काढत होती.

मामाजी मात्र शांतपणे बांगडी पुढं सरकवत होते. म्हणजे आपण सरकवतोय असं त्यांना वाटत होतं. काचेचे कधीच दोन तुकडे झाले होते, त्यातला एक त्यांच्याच उजव्या हाताच्या बोटात रुतला होता, आणि तेच बोट ते माळणीच्या हातावर लोटत होते. रक्त त्यांचं होतं. आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरून ओढलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. बाजारात दुसऱ्याच्या बैलाच्या खुराला लागलेलं पाहावं, तसं पाहिलं.

"हे मले कधी लागलं?" त्यांनी विचारलं.

माळणीनं डोळे उघडले, आपला हात उलटसुलट करून पाहिला, आणि आपल्याला काही झालं नाही हे कळल्यावर तिचा आवाज आणखी चढला. "कासारदादा, तुमचं ध्यान कुठं असते? मी काय भेंडी आनली का तोडाले?"

आत्याबाईंनी तिच्या बांगड्या भरल्या, वर एक जोड फुकट दिला आणि गप्प राहण्याची शपथ घातली. माळीण गप्प राहिली, ती आमचं दार ओलांडेपर्यंत.

मी थोडं चढवून सांगते अशी माझी ख्याती आहे. पण मामाजींच्या हाताबद्दल चढवून सांगायला जागाच नव्हती. एकदा एक बाई हात पुढं करून बसली आणि उन्हाच्या तारेत पेंगली. जागी झाली तेव्हा हातभर काचा भरलेल्या आणि मामाजी जेवून, वामकुक्षी करून, पान लावून परत बसलेले. दुसरबीडकडच्या एका बाईचा पंजा असा होता की तिच्या हातात बांगडी चढवणं म्हणजे बोरीवर रेडा चढवणं. ती यायची तेव्हा शेजारचे सोनार दुकान सोडून बघायला यायचे. मामाजी डाव्या हातानं तिचा अंगठा तळव्यात असा दुमडायचे की हाडांना वाटावं आपण अजून तयारच झालो नाही, आणि उजव्या हाताच्या बोटांनी काच फिरवत फिरवत आत घ्यायचे. काच जायच्या, म्हणजे फुटायच्या, आधी किंचित थरथरते. ती थरथर त्यांच्या बोटाला कळायची. ती कळली की ते थांबत, हाड आणखी जरा वळवत आणि मग पुढं जात.

कासाराच्या धंद्यात एक गंमत आहे. मामाजींना जिल्ह्यातल्या कोणत्याही बाईचा हात धरायची मुभा होती. नवरे समोर उभे असत आणि काही बोलत नसत. मुभा नव्हती ती फक्त एका हाताची, सुनेच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या बांगड्या आत्याबाईच भरत. मामाजी मला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देत नसत, खाली ठेवत. मी उचलून घेत असे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आत्याबाई मनानं अजून वऱ्हाडातच राहत होत्या, शाळेत मास्तर असलेले आमचे हे महाराष्ट्रात गेले होते, आणि मी स्वयंपाकघरात. त्या दिवाळीनंतर एका सकाळी मामाजींचं तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू लाकडासारखी झाली. पण लकवा आला तसा बराचसा गेलाही. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, उजव्या हाताची मूठ आधीसारखी आवळायला लागली. आम्ही बालाजीला नारळ फोडला. हातात ताकद आली म्हणजे हात आला, असंच आम्ही समजलो. त्यांनीही तसंच सांगितलं. माळणीचं रक्त न निघता त्यांचं निघालं, तेव्हा कळलं की हात आलाय पण त्यात कोणी राहत नाही.

जालन्याच्या डॉक्टरकडे गेलो. मी सोबत होते, कारण आत्याबाईंना एस.टी. लागायची आणि खिडकीतून बाहेर वाकल्यावर मागून धरायला कोणीतरी हवं असायचं. डॉक्टरांनी मामाजींना डोळे मिटायला सांगितले. बोटाला कापूस लावला, पेन्सिल लावली, सुई टोचली. मामाजी प्रत्येक वेळी म्हणाले, "कायी नाई." मग मूठ आवळायला सांगितली तर डॉक्टरांचं बोट असं आवळलं की डॉक्टरांनाच औषध लागलं असतं.

"हात शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "डोक्यात हाताची एक खोली असते. त्या खोलीतला दिवा गेला. या वयात परत लागत नाही. डोळ्यांनी बघून कामं करा."

परतीच्या वाटेवर मामाजी डाव्या हातानं उजवा हात उलटसुलट करून पाहत होते. मग म्हणाले, "डोळा लय हळू असते. डोळ्याले दिसेपर्यंत काच गेलेली असते." थोड्या वेळानं आणखी एक बोलले, ते मला अजून सोसत नाही. "कंदील मालवला का माहा हात हरवते. कुठी ठेवला ते उजाडल्यावरच सापडते."

हे सगळं आम्ही दाबून ठेवलं असतं. दुकानात आत्याबाई बसल्या असत्या. पण उन्हाळ्यात दुसरबीडजवळच्या एका मोठ्या शेतीवाल्याच्या घरी लेकीचं लग्न ठरलं होतं. त्या घरातल्या प्रत्येक नवरीचा चुडा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरच्या पुरुषानं भरायचा हा शिरस्ता, आणि आमच्या ह्यांनी खडूशिवाय हातात काही धरलं नव्हतं. नवरीच्या हातावर चुड्याची काच जाणं म्हणजे केवढा अपशकुन, हे मी मराठी बाईला सांगायला नको. मामाजी गेले आणि काच गेली, तर आमचं नाव सगळ्या तालुक्यातून जाणार. गेले नाहीत, तर माळीण सांगत होती ते खरंच ठरणार. आणि सिंदखेडराजाचा एक तरुण कासार टपूनच बसला होता. त्याच्याकडं प्लास्टिकच्या बांगड्याही आल्या होत्या, ज्या काही केल्या जात नाहीत आणि बायका ज्यांच्यावर मरत होत्या.

"मी जाईन," मामाजी म्हणाले.

"मंग शिका," आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टरचं बोलणं, मामाजींचं वय, हे त्या मानतच नव्हत्या. "लेकराले कोन शिकोते? हातच शिकते ना?"

त्यांनी परात घेतली, ज्वारीनं भरली आणि तिच्यात सुपारी, हळकुंड, चिंचोका, शर्टाचं बटण अशा वस्तू पुरल्या. जुन्या लुगड्याचा पदर फाडून मामाजींच्या डोळ्यांवर बांधला आणि हुकूम सुटला, "सुपारी काढा." सुरुवातीला मामाजी मूठभर ज्वारीच काढून "घे सुपारी" म्हणत. रोज दोन्ही वेळा हे चाले. आमच्या ज्वारीला त्या दिवसांत इतका हात लागला की पीठ न मळता भाकरी आपोआप गोल व्हायची. हळूहळू सुपारी निघायला लागली. मग बटण. संध्याकाळी आत्याबाई स्वतःचा हात पुढं करत, मामाजी बांधल्या डोळ्यांनी बांगड्या भरत. आधी काचा जात, आत्याबाई ओठ दाबून बसत. मग एक दिवस एकही गेली नाही. महाशिवरात्र आली तोवर आत्याबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार झाले. गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्यासारख्या येऊन बघून गेल्या. मामाजी ओसरीवर पुन्हा पान लावून बसायला लागले.

आणि मग मी घोळ घातला. सकाळी हळद संपली म्हणून परातीतलं हळकुंड काढून कुटलं आणि वरणात घातलं. परत ठेवायला दुसरं नव्हतं. आत्याबाई दारात शेजारणीशी बोलत उभ्या होत्या, तिकडूनच पाठमोऱ्या म्हणाल्या, "हळकुंड काढा."

मामाजींचा हात परातीच्या डाव्या कडेला गेला. आत्याबाई हळकुंड नेहमी तिथंच पुरायच्या. त्यांच्या बोटात आला चिंचोका. चिंचोका, म्हणजे लग्न जुळवणाऱ्याच्या जिभेइतका गुळगुळीत. मामाजींनी तो अंगठ्याखाली फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हे पाह्य. गाठी लागून राह्यल्या बोटाले. एका बाजूनं तुटेल हाये."

आमचं हळकुंड एका बाजूनं तुटलेलंच होतं. पण ते तर आमच्या पोटात होतं.

"हाव, तेच," दारातून आत्याबाई म्हणाल्या. मामाजींनी चिंचोका परातीच्या काठावर ठेवला. पदर सोडण्याआधी मी तो ज्वारीत ढकलला. मामाजी खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला लगेच ओळखू येतं, मी रोज आरशात पाहते. त्यांना गाठी खरोखर लागल्या होत्या.

दुपारी भांडी घासताना आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुह्या तोंडाले कुलूप नाई ते नाई, आता डोयेबी गेले का?" पण संध्याकाळी त्यांनी स्वतः परातीत सगळ्या वस्तूंच्या जागा बदलल्या आणि म्हणाल्या, "सुपारी काढा." मामाजींनी बटण काढलं आणि सुपारी किती खडबडीत आहे ते सांगितलं. आत्याबाईंनी पदर सोडला, मामाजींना चहा दिला, आणि आत येऊन माझ्यासमोर दोन्ही हात धरले. कोपरापर्यंत हिरवे.

"मंग हे कसं?"

"आत्याबाई, तुमचा हात त्यांना तोंडपाठ आहे."

त्या तिथंच पाटावर बसल्या.

माझा एक नातू आता डॉक्टरकी शिकतो. त्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो मला शिकवायला लागला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकून घेतलं. तो म्हणाला, आजी, हातातून डोक्याकडं एक वाट जाते, आणि डोक्यातून खाली तशीच दुसरी वाट येते. डोकं आधीच सांगून ठेवतं की आता हे लागणार आहे. हातानं काही कळवलंच नाही तर डोकं आपलंच सांगितलेलं खरं धरून बसतं. मोठ्या माणसाचं डोकंही नवीन शिकतं म्हणे, जालन्याच्या डॉक्टरला तेव्हा वाटत होतं तसं नाही. पण ते शिकतं कधी, तर त्याचा अंदाज चुकला आणि ती चूक त्याला लागली तर. आम्ही मामाजींना चुकूच देत नव्हतो. जागा ठरलेल्या, वस्तू आधी सांगितलेली, हात बायकोचा.

हे सगळं तेव्हा मला असं सांगता आलं नसतं. आत्याबाईंनाही नसतं. पण त्यांना एवढं कळलं की हात परका हवा. बाहेरची बाई बसवावी तर गावभर बोभाटा. त्यांनी खूप वेळ माझ्या मनगटाकडं पाहिलं.

"तुहा हात दे," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, असं कुठं असतं का?"

"नसते. दे."

व्यवस्था अशी झाली. मामाजींच्या डोळ्यांवर पदर. आत्याबाई त्यांच्यासमोर नेहमीसारख्या बसायच्या आणि नेहमीसारख्या बोलायच्या. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून, श्वास रोखून. तोंड त्यांचं, हात माझा. त्या आधी लक्ष्मीआईची माफी मागायच्या, मी मनातल्या मनात माझ्या आईची.

पहिल्या संध्याकाळी काचा अशा गेल्या की ओसरी झाडायला मला दोनदा सूप लागलं. आत्याबाईंचा अंगठा लोण्यासारखा वळायचा, माझा अंगठा म्हणजे उखळाचा मुसळ. मामाजी तो आत्याबाईंचाच हात समजून काम करत होते, आणि माझ्या हाडावर काच तडकत होती. मी पदर दातात धरून बसले. आता ओरडणंही माझ्या वतीनं आत्याबाईंनाच भाग होतं. माझ्या मनगटात काच शिरली की त्या वेळेवर "आई गं" म्हणायच्या. एकदा त्या जरा लवकर म्हणाल्या.

मामाजी खचले. "काल येत होतं. आज काऊन नाई येऊन राह्यलं?" लकवा परत येतोय असं त्यांना वाटलं. जेवण कमी झालं. पान बंद झालं. रात्री ते डाव्या हातानं उजवा हात छातीवर ठेवून, धरून झोपायला लागले. मी आत्याबाईंना म्हटलं, आपण हे थांबवू. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान त्यांनी नाहीच हलवली.

अशा किती संध्याकाळी गेल्या मोजल्या नाहीत. मनगट मोजायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. एका संध्याकाळी काच माझ्या अंगठ्याच्या हाडाशी आली आणि मामाजी थांबले. बोटं मागं घेतली. पुन्हा ठेवली. हाडाच्या कडेनं हळूच फिरवली, जशी ती आंधळ्याची काठी असावी. आत्याबाई शेजारणीच्या म्हशीबद्दल काहीतरी सांगत होत्या, त्यांचं बोलणं अर्ध्यात राहिलं.

"हे हाड तुहं नाई," मामाजी म्हणाले.

त्यांच्या बोटाला कोणी काही सांगितलं नव्हतं. उलट सगळे मिळून दुसरंच सांगत होतो. तरी बोटानं स्वतःहून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, खरी खबर आणली होती. मी आनंदानं ओरडणारच होते. पण मामाजींना दुसऱ्याच क्षणी कळलं की घरात आणखी कोणाचा हात असू शकतो. त्यांनी काच सोडली. पदर सोडला नाही. बांधल्या डोळ्यांनी तसेच बसून राहिले, मी उठून आत जाईपर्यंत.

त्यानंतर ते आमच्याशी बोलेनात. जेवायला आत येईनात, ताट ओसरीवर जायचं आणि अर्धं परत यायचं. बालाजीच्या देवळात जाऊन ते इतका वेळ बसायचे की पुजाऱ्यानं त्यांना एकदा प्रसादाच्या पंगतीत धरलं. आत्याबाई ओसरीच्या दारात उभ्या राहून सांगायच्या, "वैद्य नाडी पाह्यते तं सून म्हनून सोडते का?" लग्न जवळ येत होतं. मला वाटायला लागलं की हात आला आणि माणूस गेला, आणि तो माझ्या मनगटापायी गेला.

मग एका सकाळी मामाजी आमच्याकडं पाठ करून, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "तो हात संध्याकाळी बसंन का म्हनाव."

तेव्हापासून मी आमच्या घरात 'तो हात' झाले. "त्या हाताले म्हनाव ढिला सोड." "तो हात आज अखडेल हाये." डोळ्यांवर पदर तेच बांधून घेत, आमच्या आधी. काचा जातच होत्या, पण आता गेली की मामाजी चुकचुकत नसत, मान डोलवत. मग मला भीती वाटली की माझाही हात त्यांना पाठ होईल. म्हणून मी कधी हात गरम पाण्यात बुडवून सुजवून नेई, कधी अंगठ्याला चिंधी बांधून, कधी डाव्याऐवजी उजवा. "तो हात लय बदमाश हाये," मामाजी एकदा भिंतीला म्हणाले. सासऱ्यानं माझ्याबद्दल काढलेले तेवढेच शब्द.

लग्नाला आम्ही तिघं गेलो, बांगड्यांच्या माळा घेऊन. मांडवाशेजारच्या खोलीत नवरी बसलेली, भोवती घरच्या बायका, आणि मधोमध शेतीवाल्याची म्हातारी आई, जिच्या स्वतःच्या चुड्याला मामाजींच्या वडिलांचा हात लागला होता. अंगणातल्या लिंबाखाली सिंदखेडराजाचा तो तरुण कासारही आपल्या रंगीत माळा टांगून बसला होता, इतर बायकांच्या बांगड्या भरायला म्हणून.

उन्हानं आणि दगदगीनं नवरीचे हात सुजले होते. मामाजींनी डावा हात घेतला. काचेवर काच चढली, हळू, फार हळू. बायका कुजबुजायला लागल्या. पूर्वी एवढ्या वेळात मामाजींनी अख्ख्या वऱ्हाडाचे हात भरले असते. डावा हात नीट भरला. उजवा घेतला. शेवटच्या काही काचा राहिल्या असताना मामाजी थांबले. काच हाडाशी होती. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या टोकाला आला. मी त्यांच्या बोटांकडं पाहत होते, आणि ती बोटं काय ऐकतायत ते मला कळेना. खरं ऐकतायत की डोकंच त्यांना घाबरवतंय, हे कळायला माझ्याकडं चिंचोका नव्हता.

त्यांनी काच उलटी फिरवून बाहेर काढली.

"माप मोठं काढा," ते आत्याबाईंना म्हणाले.

आमच्या घरानं नवरीचं माप चुकवणं म्हणजे सोनारानं पितळ तोलणं. मोठ्या मापाच्या काचा भरल्या, त्या लहान काचांच्या शेजारी ढिल्या, ओबडधोबड दिसल्या. म्हातारीनं नातीचा हात उचलून उजेडात धरला.

"कासारदादा, तुमच्याकडून माप कधी हुकलं नव्हतं," ती म्हणाली. मग मामाजींचं वय आठवून गोड आवाजात, "चालते. उतारवय हाये."

बायका हसल्या आणि उठून लिंबाखाली गेल्या. पुढच्या लग्नाला त्या घरानं आम्हाला बोलावलं नाही. सिंदखेडराजाच्या कासाराला बोलावलं.

त्या दिवशी परतीच्या बैलगाडीत आत्याबाई दुसरबीड मागं पडेपर्यंत दम धरून होत्या. मग सुटल्या.

"एका काचेपायी घर घालवलं तुमी. हातावर आलेली, निम्मी चढेल होती. काऊन थांबले? गेली असती ती आत."

मामाजी बैलांच्या पाठीकडं पाहत होते.

"फुटली असती," ते म्हणाले.